दुसरे पाणी कोणी दिले

दिनांक : १२ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. नियंत्रक (धातू व मिश्रधातू परीक्षण),
पेटंट कार्यालय.

विषय : तेलविहिरीच्या उच्चबल पोलादी पाइपांच्या पेटंट अर्जात खऱ्या शोधकाचे नाव लावणेबाबत, ते लावता येत नसल्यास पेटंट नाकारणेबाबत.

संदर्भ : १) सुपडू ट्यूब वर्क्स, धुळे यांचा पेटंट अर्ज, दाखल दि. १६ जून २०२५.
२) आपला परीक्षण अहवाल, दि. ३ नोव्हेंबर २०२५.
३) सदर कारखान्याने आपणांस दिलेले उत्तर, दि. ९ जानेवारी २०२६, परिच्छेद ७. त्यातही शेवटचे वाक्य.

महोदय,

मी, चुडामण लोटन देसले, वय ५२, राहणार धुळे, वरील कारखान्यात अकरा वर्षे भट्टीचालक होतो. या जानेवारीपासून पाइपांवर नंबर रंगवतो. विनंतीपूर्वक खालील तक्रार सादर करतो. विनंती शेवटी आहे. आधी तक्रार वाचावी.

१. संदर्भ ३ चे उत्तर आपल्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. माझी मुलगी रूपाली हिने ते मोबाइलवर काढून मला मराठीत सांगितले. आपण अहवालात विचारले होते की, पाइपाला दुसऱ्यांदा पाणी देण्यात नवीन काय, ते तर कोणालाही सुचेल. त्यावर कारखान्याने लिहून दिले की, "भट्टीवर काम करणाऱ्या सामान्य जाणकार माणसाला ही कल्पना सुचणे शक्य नव्हते." कारखान्यात भट्टी एक आहे. तिच्यावर काम करणारा माणूस एक होता. तेव्हा हे वाक्य कोणाबद्दल आहे हे ठरवायला परीक्षक लागत नाही.

२. आपल्या कार्यालयात भट्टी नसणार, म्हणून थोडक्यात सांगतो. लाल तापलेला पाइप पाण्यात एकदम थंड करणे, यास आम्ही पाणी देणे म्हणतो. त्याने पोलाद कडक होते, पण काचेसारखे तडकते. म्हणून पाणी दिल्यावर लगेच मंद आचेवर काही तास धरावे लागते. तेलविहिरीत खोलवर सडक्या अंड्याच्या वासाचा वायू असतो. पोलाद जितके जास्त बळकट, तितके ते त्या वायूत लवकर फुटते. बळकटही पाहिजे आणि फुटलेही नाही पाहिजे, एवढाच काय तो या पेटंटचा विषय आहे. बाकीची चौतीस पाने त्यावर चढवलेला रंग आहे.

३. पोलादात क्रोमियम किती, मॉलिब्डेनम किती, हे जितेंद्र यांनी ठरवले. जितेंद्र हे मालक श्री. भूपेंद्र सुपडू बोरसे यांचे पुतणे, इंजिनिअर, आणि अर्जात लिहिलेल्या दोन शोधकांपैकी एक. दुसरे शोधक स्वतः भूपेंद्रआबा, ज्यांनी भट्टीच्या दारातून आत कधी पाहिलेले नाही. मिश्रणावर माझा दावा नाही. परंतु त्याच मिश्रणाचे पाइप पहिल्या तीन खेपांना प्रयोगशाळेत फुटले, हेही जितेंद्र यांचेच. एकदा नव्वद तासांत, एकदा एकशे दहा, एकदा तर दुसऱ्याच दिवशी. पाहिजेत सातशे वीस तास.

४. आता दि. १० मे २०२४. त्या दिवशी आखाजी होती. पंचांगात तिला अक्षय्य तृतीया म्हणतात, पण पंचांगातल्या तृतीयेला कारखाने चालतात, आमच्या आखाजीला दुपारनंतर चालत नाहीत. सकाळच्या पाळीत सात पाइपांना पाणी दिले आणि त्यांना मंद आचेवर धरायचे, तोच आबा आले. म्हणाले, "चुडामणभाऊ, भट्टी बंद करा, सगळे मळ्यात जेवायला चला." (गेल्या अकरा वर्षांत त्यांनी मला 'भाऊ' म्हटल्याचे तीन प्रसंग माझ्या लक्षात आहेत. हा पहिला. दुसरा प्रयोगशाळेचा अहवाल आला तेव्हाचा. तिसरा पुढे येईल.) मी म्हटले, पाइप कच्चे राहतील. ते म्हणाले, "पाइप काय पळून चालले का?" भट्टी बंद झाली.

५. दुसऱ्या दिवशी सातपैकी एक पाइप उभा चिरलेला होता. जितेंद्र म्हणाले, "सातही भंगारात टाका." मी सहा टाकले नाहीत. ते पुन्हा तापवले, पण पहिल्यापेक्षा चाळीस अंश कमी, कारण पोलादाचा दाणा मोठा झाला तर ते ठिसूळ होते हे मला वीस वर्षे ठाऊक आहे. पुन्हा पाणी दिले. मग मंद आचेवर दिवे लागेपर्यंत धरले. जितेंद्र यांना मी सांगितले नाही. विचारले असते तर सांगितले असते. त्या सहांतला एक नमुना म्हणून गेला आणि सातशे वीस तास उभा राहिला. तेव्हा मात्र विचारले. मी सांगितले. जितेंद्र यांनी लिहून घेतले. लिहून घेणाऱ्याचे नाव शोधक म्हणून लागते हे मला तेव्हा माहीत नव्हते.

६. कारखान्याने आपणांस भट्टीची नोंदवही जोडली आहे. तीत लिहिले आहे : दि. १० मे २०२४, दुपारी ३ ते ६, दुहेरी पाण्याचा नियोजित प्रयोग, प्रयोगकर्ते जितेंद्र बोरसे. याबाबत माझे म्हणणे असे :

(अ) त्या दुपारी ३ ते ६ जितेंद्र आबांच्या मळ्यात निंबाखाली पत्ते खेळत होते. आखाजीला आमच्याकडे पत्ते खेळणे रिवाजाला धरून आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मी त्यांच्यासमोर बसलो होतो. सलग चार डाव हरले आणि पाचव्याला पत्ता लपवताना सापडले. साक्षीदार नऊ. त्यांतले दोन तर त्यांचेच मामा.

(आ) धुळे-जळगाव भागातला कोणताही माणूस आखाजीच्या दुपारी प्रयोग केला असे लिहिणार नाही. ही चूक ज्याने केली त्याने तारखा सुट्ट्यांच्या सरकारी यादीवरून घेतल्या आणि घरी विचारले नाही.

(इ) सात महिन्यांच्या नोंदी एकाच निळ्या पेनाने आहेत. भट्टीवर पेन आठ दिवसांवर टिकत नाही. वितळते, नाहीतर कोणी नेते. वहीच्या एकाही पानावर बोट उमटलेले नाही. आमची खरी वही नुसती उघडली तरी कुठल्या पानावर कोणी भजी खाल्ली ते सांगता येते. खऱ्या वहीचे दि. ११ मेचे पान, माझ्या सहीचे, मी जोडत आहे. ते माझ्याकडे कसे आले असे विचारल्यास, वही रद्दीत घातली होती आणि रद्दी उचलणे हे नंबर रंगवणाऱ्याचे काम आहे.

७. दि. १ फेब्रुवारी रोजी आबा माझ्या घरी आले. हा तिसरा प्रसंग. "चुडामणभाऊ," म्हणाले, "तुम्ही समजून घ्या. तुमचं नाव टाकलं तर साहेब म्हणतील, भट्टीवाल्याला सुचलं म्हणजे कोणालाही सुचलं असतं, मग शोध कसला? पेटंट जाईल. तुमचं नाव नाही, म्हणून तर शोध आहे." महोदय, मी या माणसाच्या हाताखाली अकरा वर्षे काढली, पण इतकी साफ गोष्ट त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकली. माझी पत्नी शेवंताबाई चहा घेऊन उभी होती. ती म्हणाली, "आबा, मग यांना इंजिनिअर म्हणून लिहा. नाहीतरी खोटंच लिहायचं शे ना?" आबांनी चहा घेतला नाही. जाताना म्हणाले की फोरमन करतो, दारावर नावाची पाटी लावतो. मी म्हटले, पाटी नको, पाटी तुम्हाला काढता येते.

८. आपण कायदा जाणता, मी लोखंड जाणतो. तरी एवढे विचारतो. ज्याला सुचले त्याच्या शिक्षणावरून सुचण्याची किंमत ठरत असेल, तर परीक्षण अहवालात पाइपाऐवजी माणसांचे दाखले तपासावेत, काम लवकर उरकेल. देशभर भट्ट्या आहेत. कच्चे राहिलेले पाइप सगळीकडे भंगारात जातात, कारण तसेच शिकवलेले आहे. मी ते टाकले नाहीत. यात सामान्य काय आहे ते कारखान्याने सुनावणीत सांगावे, मी समोर बसतो.

९. आता जे मला सांगायचे नव्हते ते सांगतो, कारण त्या दिवशी आबा घरून गेल्यावर ते लपवण्याचे कारण उरले नाही.

दि. ३० एप्रिल २०२५ रोजी, म्हणजे पुढच्या आखाजीला, शेवंताबाई पाचोऱ्याकडे माहेरी गेली होती. आखाजीला माहेरवाशिणी झोक्यावर बसून गाणी म्हणतात, आणि त्यात नवऱ्याची उणीदुणी काढायला त्यांना पूर्ण मोकळीक असते. तिने त्या दिवशी माझ्यावर गाणे रचले. "मना नवरा येडा शे, पाइपले दोन दाव आंगोय, सोताले एक बी नही." म्हणजे पाइपाला दोनदा आंघोळ घालतो, स्वतः एकदाही करत नाही. इथवर थांबली असती तर केवळ माझी बदनामी होती. परंतु पुढच्या कडव्यांत तिने पहिला जाळ नऊशे वीस, दुसरा आठशे ऐंशी, दोन्हींनंतर पाणी, आणि मग मंद आचेवर दिवेलागणीपर्यंत, असे सगळे क्रमाने म्हटले आहे. हे आकडे मी जेवताना मोठ्याने घोकतो असे तिचे म्हणणे आहे. धातूंची नावेही गाण्यात आहेत, ती तिने सवती म्हणून घातली आहेत. रूपालीने ते मोबाइलवर घेतले आणि त्याच संध्याकाळी सगळ्यांना दिसेल असे टाकले. कारखान्याचा अर्ज त्यानंतर सत्तेचाळीस दिवसांनी दाखल झाला. तोवर ते सहा हजार लोकांनी पाहिले होते. त्याखाली जितेंद्र बोरसे यांनी स्वतःच्या नावाने, हसऱ्या तोंडासह, "काकू एक नंबर" असे लिहिले आहे. ते अजून पुसलेले नाही. मी रोज पाहतो.

अर्जाच्या आधी जी गोष्ट जगजाहीर झाली तिला पेटंट मिळत नाही, हे मला एका वकिलांनी सांगितले. हे गाणे आपल्यापुढे आले की आबांचा अर्ज पडेल आणि त्याबरोबर माझे नाव लागण्याची जागाही जाईल, हेही सांगितले. म्हणाले, एक तर नाव मागा नाहीतर गाणे द्या, दोन्ही एकदम देणे शहाणपणाचे नाही. मी त्यावर अकरा दिवस विचार केला. गाणे दाबून ठेवून नाव घेतले, तर मी जितेंद्र यांच्याच बाकावर बसलो. त्यांनी वही लपवली, मी बायको लपवली. म्हणून दोन्ही देत आहे.

१०. सबब विनंती की,

(अ) दुसरे पाणी देण्याच्या कृतीचा शोधक म्हणून माझे नाव अर्जात लावावे, आणि संदर्भ ३ मधील ते वाक्य कारखान्याकडून परत घेववावे;

(आ) सोबतचे गाणे पाहून पेटंट नाकारणे आपणांस भाग असेल, तर ते नाकारावे. माझी हरकत नाही. मात्र आदेशात कारण लिहावे लागेल, आणि कारण लिहिताना दुसरे पाणी प्रथम कोणी दिले हे लिहिल्याशिवाय गाण्याचा अर्थ लागणार नाही. तेथे "एक भट्टीचालक" असे लिहू नये. चुडामण लोटन देसले असे पूर्ण लिहावे. पेटंट वीस वर्षांनी संपते; नाकारल्याचा आदेश आपल्या दप्तरात राहतो, आणि त्याची प्रत आबांना माझ्या नावासकट जपून ठेवावी लागेल.

दि. २६ फेब्रुवारीच्या सुनावणीस मी स्वखर्चाने हजर राहीन. शेवंताबाईही येणार म्हणते. तिला आवरणे माझ्या अधिकारात नाही.

आपला, सुनावणीपर्यंत नम्र,

(सही)
चुडामण लोटन देसले
भट्टीचालक

सोबत :
१) भट्टीच्या खऱ्या नोंदवहीतील दि. ११ मे २०२४ चे पान (मूळ. डाग तसेच ठेवले आहेत.)
२) निंबाखालच्या नऊ साक्षीदारांच्या सह्या. एका मामांनी अंगठा दिला आहे. त्यांना सही येते, पण भाच्याला अक्षर ओळखू यायला नको असे म्हणाले.
३) आखाजीच्या गाण्याची चित्रफीत, गाण्याचे प्रमाण मराठीत भाषांतर, आणि "काकू एक नंबर" या मजकुराचा फोटो.

प्रत : श्री. भूपेंद्र सुपडू बोरसे, धुळे, यांना माहितीसाठी. मी स्वतः नेऊन देत आहे व पोच घेत आहे.