दारासमोरचा तुकडा

३ फेब्रुवारी, सोमवार

ज्याने दाही दिशा आखल्या आणि चुकलेल्यास वळण दाखवले, त्या कृपाळूला नमन करून आजचे लिहितो. विषय मात्र अगदीच लौकिक!

गावाला वळसा घालणारा नवा रस्ता काल खुला झाला. गाडीवाल्यांना फोनवर वाट सांगणारा आमचा नकाशा आम्ही हौशी मंडळीच मिळून राखतो. त्यावर तो महामार्ग म्हणून मीच चढवला. प्रश्न जुन्या रस्त्याचा. तो आमच्या दारावरून जातो. नियम स्पष्ट आहे : नवा महामार्ग झाला की जुन्याची श्रेणी उतरवून त्याला स्थानिक रस्ता करायचे. मग नकाशा अवजड गाड्या तिकडे धाडत नाही. मोठ्या रस्त्यांना नकाशावर कुलूप असते, आणि या भागाची किल्ली ज्येष्ठ संपादक म्हणून माझ्याकडे.

ही म्हणाली, "मग उतरवा की! पोथी लावल्यासारखं काय बघत बसलायत त्या पडद्याकडे?"



४ फेब्रुवारी

उतरवला नाही. डोळे चुरचुरत होते. — हे खरे आहे, पण कारण हे नव्हे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कारण आज दारात येऊन गेले.

चिरंजीव मालट्रक चालवतात. त्यांच्या मालकाच्या कचेरीतल्या पडद्यावर ट्रकचा ठिपका सतत दिसतो. नकाशाने दिलेली वाट सोडली तर जाब द्यावा लागतो. नकाशा त्याला आमच्या दारावरून नेतो, म्हणून दर गुरुवारच्या फेरीत त्याचे तोंड दिसते. आजही इंजिन चालूच. मागे भोंग्यांचा गदारोळ. हिने टाचा उंचावून खिडकीतून डबा दिला.

"बाबा, गोळ्या घेता ना?"

"घेतो."

"स्वतःहून, की आईनं डोळे वटारल्यावर?"

उत्तर जिभेवर येईतो ट्रक हलला! तेवढेच. पण तेवढ्यावर आमचा आठवडा निघतो.

८ फेब्रुवारी, शनिवार

समोरच्या बालवाडीच्या बाई आल्या होत्या. घामाघूम. "आजोबा, नवा रस्ता झाला तरी ट्रक इथूनच! पोरं पलीकडे नेताना जीव मुठीत धरते मी. ड्रायव्हरांना विचारलं तर म्हणतात, नकाशा इकडून सांगतो. आता त्या नकाशावाल्यांना कुठं गाठायचं?"

ही आतून म्हणाली, "लांब नाही जायचं. तुमच्या समोर बसून चहा पितायत."

मी कप बशीत ठेवला. बाई रागावल्या असत्या तर बरे झाले असते, पण त्या म्हणाल्या, "मग बरं झालं. तुम्ही कराल."

हिताचे ते श्रेय कोणते आणि आवडीचे ते प्रेय कोणते, हे जन्मभर प्रवचनांतून लोकांना उलगडून सांगत आलो. स्वतःच्या दारात आल्यावर मात्र दोन्हींचे चेहरे सारखे दिसू लागले! रस्त्याची पायरी त्याच्या कामावरून ठरावी. त्यावरून कोण येतो, या मायेवरून नव्हे. 

९ फेब्रुवारी, रविवार

उतरवला. एकेक तुकडा निवडत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. हिला सांगितले. उत्तरादाखल भांडी तेवढी जरा मोठ्याने बोलली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

'वाटसरू' या टोपणनावाचा एक सहसंपादक आहे. कधी भेट नाही, पण नजर घारीची. त्याचा निरोप : "काका, अलीकडे स्थानिक रस्ता, पलीकडे स्थानिक रस्ता, आणि मध्येच वीतभर महामार्ग! ना कुठून येतो, ना कुठं जातो. विसरलात वाटतं."

पाहिले. तो तुकडा नेमका आमच्या दारासमोरचा!

हात चुकला असेल. दृष्टी अधू आहे. परंतु एवढ्या तुकड्यांतून तोच निसटावा? मन मोठे लबाड, बोटांनाही फितवते.

ही चष्म्यावरून पडद्याकडे वाकली. "राहू दे की तेवढा. कुणाचं काय अडतंय?" मग क्षणभराने, "नको. उतरवा. उद्या बाई समोर दिसतील."

उतरवला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

रस्ता शांत. पोरांच्या कविता थेट ओसरीपर्यंत ऐकू आल्या. बाईंनी लांबूनच हात हलवला. समाधान वाटले, खोटे कशाला लिहू?

चिरंजीव आले नाहीत. ही दोनदा फाटकापर्यंत जाऊन आली. "कचरेवाला आला का बघत होते," म्हणाली. तो सकाळीच येऊन गेला होता.

२० फेब्रुवारी, गुरुवार

परसदार वाजले. चिरंजीव — पायी! "नव्या रस्त्यावर ट्रकांसाठी थांबा केलाय, बाबा. जेवायची सुट्टी तिथंच घ्यायची, कचेरीचाच हुकूम. तिथून शेताच्या कडेनं पायवाट आहे, सरळ आपल्या परसात निघते." मागे भोंगा नाही. बूट काढले. पाटावर बसून जेवला, आईशी मीठ कमी पडल्यावरून भांडला, माझ्या गोळ्या मोजून पाहिल्या, पंख्याखाली त्याचा डोळाही लागला. किती वर्षांनी त्याला झोपलेला पाहिला!

निघताना म्हणाला, "ती वाट तुमच्या नकाशात नाही हं, बाबा."

आता चढवली. श्रेणी : पायवाट. सर्वांत खालची.

हे ज्याच्या कोणाच्या दृष्टीस पडेल, त्याच्याही परसात अशी एक वाट उतरो.