साक्षीदार : कमळाबाई, लालबाग

लालबाग, १५ फेब्रुवारी १९५६

प्रिय बाबा,

नगरला वर्तमानपत्रं पोचत असतील. मी सुखरूप आहे. कर्फ्यू उठला, माझी शाळा सुरू झाली, आणि शनिवारी गिरगावात बायबलच्या भाषांतर मंडळाच्या बैठकीलाही गेले. त्याबद्दलच लिहायचं आहे. तीन दिवस कागद पुढे घेऊन बसते नि उठते.

इतर मुली पाढे म्हणायच्या तेव्हा मी आपल्या चुलीपाशी ग्रीक क्रियापदं म्हणत होते. अर्थ सांगितला की तुम्ही विचारायचात, "हा मराठी शब्द कुणाच्या तोंडून ऐकलास?" आणि समासात त्या माणसाचं नाव लिहायला लावायचात.

येशूच्या गोष्टीत वाटेत लुटलेल्या, अर्धमेल्या माणसापाशी परक्या जमातीचा शोमरोनी थांबतो, तिथलं ग्रीक क्रियापद स्प्लाग्ख्निझोमाइ. त्याचं मूळ आतड्यांत, हे तुम्हीच शिकवलंत. मंडळाच्या जुन्या मराठी भाषांतरात मात्र तुम्ही "दया आली" लिहिलंत, आणि मलाही ते बरोबर वाटायचं. मग जानेवारीत आमच्या चाळीसमोर गोळीबार झाला. एक अनोळखी कामगार रस्त्यात पडला. दारं धडाधड बंद झाली, आणि शेजारच्या कमळाबाई पाण्याचा तांब्या घेऊन सरळ खाली उतरल्या. मी खिडकीतून पाहत होते. दया मलाही येत होती, बाबा. वर आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "माझो कोण नाय गो तो. पण आतडां तुटलां माझां."

बैठकीत मी "त्याचं आतडं तुटलं" असं सुचवलं. मंडळातले रमाकांतराव हसले, "वाचक विचारतील, जखमी नक्की कोण?" मग माझ्या पानाच्या समासातलं नाव वाचून म्हणाले, "या कमळाबाई कुठल्या सेमिनरीत शिकल्या?" मी उभी राहून सगळं सांगितलं. मग कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी विचारलं, ग्रीक कुठे शिकलात? म्हटलं, आमच्या स्वयंपाकघरात.

शब्द सर्वांना पटला. पण नव्या मसुद्यात तुमची म्हणून ही एकच ओळ उरली आहे. ती तुमच्या संमतीशिवाय बदलणार नाहीत, आणि ते विचारायचं काम मी मागून घेतलं. पान सोबत आहे. तुमच्या शब्दावर मी काट मारलेली नाही. समासात साक्षीदाराचं नाव तेवढं लिहिलं आहे, तुम्ही विचारणारच म्हणून. पटलं तर तुमच्या हाताने खोडा. नाही पटलं, तर तुमचाच शब्द मी ताठ मानेने मंडळापुढे वाचीन. कसंही झालं तरी त्यांना सांगणार आहे, की स्वतःचा शब्द तपासायला ज्यांनी मुलीला शिकवलं, त्यांची ही ओळ.

तुमचीच विद्यार्थिनी आणि लेक,
सुभद्रा