करतो, करते

३ मार्च
माफ कर, वही. महिनोन्महिने तोंड दाखवलं नाही. चर्चमधल्या मिस्सा, लग्नं, मयती – ही सगळी निमित्तं. खरं म्हणजे स्वतःशी बोलायचं टाळत होतो.

आज बिशपांकडे आम्हा सगळ्या फादरांची बैठक. विषय – बायकांना धर्मगुरू होऊ द्यावं का? सर्वांत म्हातारे फादर म्हणाले, "द्या की! पण मग प्रवचन जेवणाआधी संपणार नाही हो." हशा! मीही हसलो. माझी पाळी आली तेव्हा म्हटलं, "परंपरेत बसत नाही." माना डोलल्या. खाली बसलो आणि ताई आठवली – माझी सख्खी थोरली बहीण. धर्मभगिनी. हॉस्पिटलात मरणाऱ्यांच्या उशाशी बसते. तिला काय वाटतं, हे मी कधी विचारलंच नाही.

५ मार्च
ताईच्याच विचारात मिस्सेच्या प्रार्थनेतली एक ओळ गाळली. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

९ मार्च
दुपारी ताईचा फोन – "बाळ्या, शेवटचं पवित्र तेल घेऊन ये. वॉर्डातल्या शिंपीणबाई जायला टेकल्यात."

धावलो. कपाळाला तेल लावू दिलं त्यांनी. पण पापं सांगायची आहेत का म्हटल्यावर भिंतीकडे तोंड फिरवलं. "सिस्टरना सांगून झालंय, फादर. आता परत नाही उसवायचं." थोड्या वेळाने गेल्या.

बाहेर बाकावर ताईला विचारलं, "तू काय केलंस?"

"ऐकलं."

"आणि?"

"त्या विचारत होत्या, सुटले ना मी? तू अजून वाटेतच होतास. हात सोडेनात. मग म्हटलं – मी तुला तुझ्या पापांपासून मुक्त करते."

करते!

"ताई, तो अधिकार आपला नाही!"

"तुझा आहे रे. 'आपला' कशाला म्हणतोस?"

१० मार्च
इतकी वर्षं 'करतो' म्हणत आलो. ताईने म्हटलं तर एक काना तेवढा गळला. माझं सगळं फादरपण त्या कान्याला टेकून उभं आहे?

नियम मोडला, हे खरंच. पण छातीत सलतंय ते नियमाचं नाही. बाईंनी तोंड फिरवलं, ते.

११ मार्च
प्रार्थनेला बसलो. अर्ध्यातच उठलो.

१४ मार्च
परवा बिशपांना ताईचं सांगितलं. मीच. त्यांनी विचारलंही नव्हतं.

ताईची बदली झाली, लांबच्या कॉन्व्हेंटात. यापुढे आजाऱ्यांजवळ जायचं नाही. बिशपांना कुणी सांगितलं ते तिला कळलंय. संध्याकाळी भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, "जेवलास का, बाळ्या?"

उद्या – वॉर्डात जाऊन सांगायचं, सिस्टर येणार नाहीत.