आप्पांनी घासलेला दगड

आप्पा,

तुमच्या दुकानातल्या त्या गुलाबी पावडरीचं खरं नाव सिरियम ऑक्साइड. तुम्ही तिला नुसतं 'पॉलिश' म्हणायचात. अंबाजोगाईच्या बाजारातलं आपलं चष्म्याचं एवढंसं दुकान, तुम्ही फेल्टच्या ओल्या, जाड कापडावर पावडर लावून नंबरची काच फिरवताय, मी शेजारी स्टुलावर बसून पाय हलवतेय. काच झाली की तुम्ही ती उजेडाकडे धरता, मग माझ्या हातात देता. "बघ, कुठं रेघ दिसती का." मला कधीच दिसायची नाही. तरी मी बराच वेळ बघत राहायचे, कारण तेवढा वेळ तुमचं सगळं लक्ष माझ्याकडे असायचं.

मी एम.एस्सी.ला असताना नांदूरघाटला मामांची विहीर खोल केली, तेव्हा काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये एक पांढुरका थर लागला. लाव्हाच्या दोन लोंढ्यांमधल्या काळात तिथं तळं होतं, त्याच्या तळाशी साचलेला हा गाळ. एक तुकडा आणून मी दुकानात ठेवला आणि मैत्रिणीकडे गेले. मला त्यातली दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं मोजायची होती. ही चौदा-पंधरा भावंडं एरवी मिळून असतात. पाण्यात हवा मुरलेली असली की सिरियम तेवढं बाजूला होतं. दगडात ते इतरांच्या मानाने किती आहे, यावरून त्या जुन्या पाण्यात प्राणवायू होता की नाही याचा अंदाज बांधता येतो. परत आले तर तुम्ही दगड पॉलिश लावून चारी बाजूंनी गुळगुळीत करून ठेवलेला. मलाही आवडला, खोटं कशाला बोलू. अक्कल गहाण टाकून मी वरूनच पूड खरवडली आणि प्रयोगशाळेत दिली. सिरियम इतकं निघालं की आमचे सर खुर्चीतून उठले. आठवडाभर मी हवेत होते. मग सुट्टीत घरी आले आणि पावडरीच्या डब्यावरचं नाव वाचलं.

दोन गिऱ्हाइकांसमोर मी तुम्हाला नको नको ते बोलले. "कावून हात लावला तुमी? इचारायचं तरी!"

"लई खरखरीत व्हता गं," तुम्ही म्हणालात. "तुज्या हाताला लागंल वाटलं."

गिऱ्हाइकं हसली, तुम्ही नाही. त्यानंतर माझी पाण्याची बाटली उचलतानाही तुम्ही "घिऊ का?" असं विचारू लागलात. "विचारता काय, आप्पा," एवढं म्हणायला माझी जीभ झिजली नसती. तुम्ही गेलात तोवर ते तसंच चाललं. मला अजून त्याची लाज वाटते.

आता ती विहीर आतून सिमेंटने बांधलीय, थर दिसत नाही. आमच्या विभागातली नवी प्राध्यापिका त्याच तळ्यावर काम करते. गेल्या महिन्यात तिने माझ्या कपाटातला तुकडा मागितला. "मॅडम, वरचं सगळं घासून काढू, मधून कापून पूड घेऊ. आतपर्यंत पॉलिश गेलं नसणार." तिचं बरोबर होतं. पण वरचं सगळं म्हणजे तुमची अख्खी दुपार. मी नोंदवहीत लिहिलं, 'नमुना दूषित, वापरू नये,' आणि दगड पर्समध्ये घालून घरी आणला. ती बिचारी आता भर उन्हात गावोगावच्या विहिरी धुंडाळतेय.

नमुन्याबद्दल खोटं लिहू नका, हे मी जन्मभर मुलांना शिकवलं. कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय, आणि हे कुठं पाठवायचं नाही म्हणून लिहू शकतेय. दगड आतून स्वच्छ आहे, आप्पा. मला ठाऊक होतं, तरी मी तो दिला नाही.