ड्रॉवरमधली किल्ली

१९ एप्रिल २०२५

प्रिय नीलांबरीताई,
सप्रेम जयभीम.

तुमच्या जाईची परीक्षा संपली असेल, तुमची रजा मजेत चालली असेल. इकडे हळदीचा हंगाम जोरात, ओपीडीत सगळे खोकणारेच. तुमच्या खुर्चीवर हल्ली मांजर बसतं आणि तुमच्यासारखंच बरोबर दोनला उठून जातं. फोनच करणार होते, पण फोनवर काय होतं ते आता कळलंय. म्हणून कागद.

मशीनच्या चौकशीची नोटीस भीमजयंतीच्या आधीच मिळाली. सोबत तुमच्या जबाबाची प्रत होती. 'डॉ. करुणा यांनी माझ्या परवानगीशिवाय किल्ली घेऊन सोनोग्राफी मशीन वापरले.' मी ते वाक्य चार वेळा वाचलं.

ताई, मार्चमध्ये भावसिंगला आणलं ते आठवतं ना? कनेरगाव नाक्याजवळ ट्रॅक्टरवरून पडलेला, ओठ निळे, आपलं एक्सरे मशीन बंद. सोनोग्राफीचं मशीन तुमच्या नावावर. गर्भलिंग तपासणीच्या कायद्यामुळे ते कुलपात, दुसऱ्या डॉक्टरनं हात लावायचा नाही. तुम्ही बाळंतपणात अडकलेल्या. दारातूनच किल्ली पुढे केलीत आणि म्हणालात, "तू बघ. कोणी विचारलं तर मी आहे."

छातीवर मशीन कसं धरायचं हे तुम्हीच शिकवलेलं. श्वासाबरोबर फुफ्फुसाची कड मुंग्यांच्या रांगेसारखी सरकते. रांग थांबलेली दिसली तर फुफ्फुसाबाहेर हवा साठून ते बसलं असावं. भावसिंगची उजवीकडची रांग थांबली होती. हवा काढायला छातीत नळी घातली, माणूस वाचला. त्यानं आणलेले पेढे तुम्ही दोन खाल्लेत.

मग कोणीतरी तक्रार केली. मशीनला सील लागेल, नोंदणी जाईल, ही तुमची भीती मला समजते. मला सांगितलं असतंत तर दोघी मिळून घाबरलो असतो. तुम्ही मला एकटीला पुढे ढकललंत. फार लागलं मला ते.

खरं लिहायचं ते अजून लिहिलंच नाही.

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी चांगुणाबाई आली. डोंगरकड्याची, हळद पॉलिश करायच्या कामावर जाणारी, आपली जुनी दम्याची पेशंट. वाफ दिली, इंजेक्शन दिलं, तरी धाप वाढतच गेली. डावीकडे श्वास ऐकू येत नव्हता. एक्सरे अजून बंदच, आणि आत बघितल्याशिवाय नळी घालणं धोक्याचं. तुम्हाला फोन लावला, विचारलं, मशीन काढून छाती बघू का? तुम्ही म्हणालात, "मी काही ऐकलं नाही, करुणा. तुझं तू ठरव."

मी तुमचा ड्रॉवर उघडला. साबुदाण्याच्या डब्याखालून किल्ली काढली, हातात धरली. जबाबातलं ते वाक्य आठवलं. किल्ली परत ठेवली आणि तिला ॲम्ब्युलन्सनं नांदेडला पाठवलं. तिथे एक्सरेत डावं फुफ्फुस पूर्ण बसलेलं निघालं. नळी घालायच्या आत ती गेली.

आज तिची लेक पद्माबाई आईचे केसपेपर न्यायला आली होती. हात जोडून म्हणाली, "तुमी लई धावपळ केली, म्याडम. आमच्याच नशिबात न्हाई." मी केसपेपरवर शिक्का मारून दिला.

तुमच्यामुळे झालं, असंच लिहायला बसले होते. पण ड्रॉवर मी बंद केला. उद्या डोंगरकड्याला जाऊन पद्माबाईला हे सांगणार आहे. सोमवारी सुनावणीत दोन्ही गोष्टी लिहून देईन: भावसिंगच्या वेळी किल्ली तुम्ही दिलीत, आणि चांगुणाबाईच्या वेळी ती मी हातातून खाली ठेवली. माझी नोकरी राहील असं वाटत नाही.

या वेळी ऐकलं नाही म्हणू नका.

तुम्हाला मोठी बहीण मानणारी, परवापरवापर्यंत,
करुणा