समाधानी गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार

शेवगाव,
दि. ९ एप्रिल १९९९

प्रिय मित्र छगन यास भाऊसाहेबाचा सप्रेम जय भीम.

पत्राचे कारण पुढे येईलच, आधी तब्येतीचे. राहीवहिनींचे गुडघे कसे आहेत? त्यांना डॉक्टरांनी जिना चढायला मनाई केल्याचे कळले. तुमच्या राहात्याच्या घराला जिनाच नाही, तेव्हा पथ्य बिनचूक पाळले जात असेल. तुझा खोकला थांबला की नाही तेही लिही. तंबाखू सोडल्याचे मात्र कळवू नकोस. (एस.टी.त ड्रायव्हर असताना तू प्रत्येक डेपोत नव्याने तंबाखू सोडायचास, त्यामुळे त्या बातमीचे आता कुणाला काही वाटत नाही.) माझे ब्लडप्रेशर डॉक्टरांच्या मते ठीक आहे आणि माझ्या मते डॉक्टरांचे मशीन बिघडले आहे. भामा बरी आहे. आमच्या वृषालीचे लग्न नऊ मेला, रविवारी, इथे शेवगावलाच ठरले आहे. पत्रिका छापून झाल्या की येईलच, पण तू पत्रिकेवर अडून बसणारा माणूस, म्हणून आताच सांगतो की तुम्ही दोघांनी आदल्या दिवशी मुक्कामाला यायचे आहे.

आता माझे. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून मी घरी असतो, आणि दिवसभर घरी असलेला सब-पोस्टमास्तर घरच्यांना किती सोसवतो हे तुला वहिनी सांगतील, त्यांना भामाने सांगितलेलेच असेल. माझ्या थोरल्या भावाचा मुलगा सम्राट, त्याने नगरला सावेडीत सायबर कॅफे काढला आहे. (कॅफे म्हटले तरी चहा बाहेरून मागवावा लागतो.) पुण्याच्या काही पोरांनी इंटरनेटवर एक बाजार भरवला आहे, तिथे कुणीही घरातले जुने सामान मांडावे आणि कुणीही ते घ्यावे. सम्राटने तिथे वापरलेल्या कपड्यांचे दुकान मांडले. डोके त्याचे चांगले चालते. आपल्या लग्नांत नवरानवरी पांढऱ्या कपड्यांत उभी राहतात, आणि मग ते कपडे वर्षातून एकदा चौदा एप्रिलला बाहेर निघतात, एरवी घरोघरी पांढऱ्याच्या चळती पडून असतात. पोर म्हणाले, काका, एकीकडे पडून आहेत आणि दुसरीकडे लोक नवे शिवतायत, मधे आपण उभे राहू. तेव्हापासून तो मधे उभा आहे. पांढऱ्याबरोबर मग रंगीतही आले, कोट आले, सफारी आल्या. माल व्ही.पी.ने जातो, म्हणजे पोस्टानेच, त्यामुळे माझेही मन रमले.

या बाजाराची रीत अशी की कपडा हातात पडला की घेणाऱ्याने दुकानाच्या नावाखाली आपला अभिप्राय लिहायचा, सगळ्या जगाला दिसेल असा, आणि शेजारी एक चेहरा लावायचा. हसरा, सरळ किंवा रडका. रडके चेहरे वाढले की दुकान बसले म्हणून समज. सम्राटला अभिप्राय सोसत नाहीत, तो भांडायला उठतो. (एका पुणेकराला त्याने लिहिले होते की तुमचे पोट सुटले त्याला आमची पँट काय करणार. त्याचा रडका चेहरा अजून तिथे आहे.) म्हणून अभिप्रायांचे खाते माझ्याकडे आले. माझा जन्म लोकांच्या तक्रारी घेण्यात गेलेला. तक्रारीला उत्तर देण्याची एक पद्धत असते. पहिल्या उत्तरात तक्रार मिळाल्याचे कळवायचे, दुसऱ्यात चौकशी चालू असल्याचे कळवायचे, आणि तिसऱ्याची सहसा वेळ येत नाही. दर गुरुवारी मी एस.टी.ने नगरला जातो, सम्राट अभिप्राय वाचून दाखवतो आणि मी उत्तरे लिहितो. इंटरनेटवर नाही लिहीत, तिथे पोचपावती मिळत नाही. मी रजिस्टर ए.डी. करतो.

नाशिकच्या एका प्राध्यापकांनी कळवले की कोटाला डांबरगोळ्यांचा वास येतो. मी लिहिले की वास कोटाला येतो की आपल्या कपाटाला, हे दोन्ही वेगवेगळे हुंगून लेखी कळवावे. त्यांनी काही कळवले नाही, पण रडका चेहरा काढून सरळ लावला. एका बाईंना शर्टाच्या खिशात पाथर्डीचे एस.टी.चे तिकीट सापडले, त्याचाही रडका चेहरा. मी ते तिकीट पुराव्यादाखल मागवून घेतले. शर्ट आमच्या योगेशचा होता, आणि त्या दिवशी चिरंजीवांचे पाथर्डीला काय काम होते याची चौकशी आमच्या घरात अजून चालू आहे. एका गृहस्थांनी नुसते ‘छान’ एवढेच लिहून हसरा चेहरा लावला होता. मला असे मोघम चालत नाही. नेमके काय छान, कापड की शिलाई की टपाल, असे मी विचारले, तर त्यांनी हसरा काढून सरळ लावला. सम्राटने त्या दिवशी माझ्यासाठी चहा मागवला नाही. तरी एकंदरीत माझ्या हाताला यश होते असेच मी म्हणेन.

हे सगळे ठीक चालले होते, आणि मग ती साडी आली. फेब्रुवारीत भामाने खाटेवर कपड्यांची चळत काढून ठेवली. माझ्या कचेरीच्या पँटी, दोन सफारी, योगेशचे शर्ट आणि तळाला एक पांढरी साडी, निळ्या काठाची. “ह्ये घिऊन जावा, पेटीत जागा हुईल,” एवढेच म्हणाली. भामाकडे पांढऱ्या साड्या पाच-सहा आहेत, मी काही ती उलगडून पाहिली नाही. वर्णन मात्र नेहमीसारखे चोख लिहिले: साडी पांढरी, वापर कमी, स्थिती उत्तम. सम्राटने फोटो चढवला. आठवड्याच्या आत शिर्डीच्या पुष्पावतीबाई नावाच्या बाईंनी घेतली, त्यांचा मुलगा कॉम्प्युटरच्या क्लासला जातो त्याच्यामार्फत. व्ही.पी. सुटली, अभिप्राय आला, हसरा चेहरा आला. लिहिले होते, ‘साडी फार आवडली, मन भरले.’ मी मनात म्हटले, चला, एक खाते बंद.

पुढच्या गुरुवारी सम्राटने विकलेल्या कपड्यांचे फोटो भिंतीला चिकटवलेले पाहिले, आणि त्या साडीच्या काठावर मला विणलेली पिंपळाची पाने दिसली. छगन, तशी पाने असलेली एकच साडी मी आयुष्यात पाहिली आहे. आमच्या लग्नाच्या फोटोत ती आहे, आणि तो फोटो बाहेरच्या खोलीत टांगलेला आहे, रोज त्याच्याखाली बसून मी पेपर वाचतो. भामाच्या आईने वर्षभर लोकांच्या रानात खुरपून ती घेतली होती. घाईगर्दीत भामाच्या हातून ती चळतीत गेली आणि माझ्या हातून शिर्डीला.

आता यातली खरी अडचण ऐक. वृषालीच्या साखरपुड्यात तू नव्हतास. मी व्याह्यांच्या मंडळींपुढे उभा राहून सांगितले की आमची मुलगी बाजारातली साडी नेसणार नाही, ती तिच्या आईच्या लग्नाच्या साडीत उभी राहील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भामा खाली पाहत होती आणि वृषाली पंख्याकडे. मला वाटले, लाजल्या. तेव्हा नऊ मेच्या आत साडी पेटीत परत आली पाहिजे, आणि ती गेली होती हे भामाला कळता कामा नये. कळले तर ती आरडाओरडा करणार नाही, गप्प बसेल, आणि मला तेच नको आहे.

माल परत येण्याचा या बाजारात एकच मार्ग आहे, तो म्हणजे गिऱ्हाईक नाराज होणे. इतके दिवस मी नाराज लोकांना खूश करत होतो, आता एका खूश बाईला नाराज करायला बसलो. पहिल्या रजिस्टरात मी लिहिले की वस्तूत काही दोष आढळल्यास निःसंकोच कळवावे, भिडेस पडू नये. त्यांनी कळवले, दोष काही नाही. दुसऱ्या पत्रात मी स्वतःच दोष कळवले. पदराचा एक धागा निघाला आहे, काठाचा रंग धुण्यात उतरू शकतो, शिवाय साडी जुनी असून तिची घडी मोडायला फार वेळ लागतो. (हा शेवटचा दोष मी बनवला, पण बत्तीस वर्षे पोस्टात काढल्यावर माणसाला कारणे सुचतात.) यावर बाईंनी नवा अभिप्राय लिहिला: ‘माल विकून झाल्यावर त्याच्या खोडी सांगणारा दुकानदार आम्ही जन्मात पाहिला नाही.’ आणि आणखी एक हसरा चेहरा. पुण्याच्या पोरांना हे इतके आवडले की त्यांनी आमचे दुकान बाजारात सगळ्यांत वर नेऊन बसवले. आता गिऱ्हाइके रांगेने येतात आणि आमच्याही कपड्यांच्या खोडी कळवा म्हणतात. सम्राटला दोन पोरे कामाला ठेवावी लागली. तो मला गुरुवारी स्टँडवर घ्यायला येतो.

तिसऱ्या पत्रात मी सरळ लिहिले की साडी परत द्या, हवे तर बदल्यात दोन घ्या. त्याचे उत्तर काल हातात आले. बाई लिहितात की तुम्ही गमतीदार माणूस दिसता. साडी परत देण्याचा प्रश्नच नाही, कारण दोन मेला त्यांच्या मुलीचे, अश्विनीचे, लग्न आहे, बुद्धवंदनेला ती हीच साडी नेसून उभी राहणार आहे, आणि तुम्ही सपत्नीक अगत्याने यावे. सपत्नीक, छगन.

सम्राटने एक तोड सुचवली. काका, ती साडी अपशकुनी आहे असे कळवू, दुसऱ्या दिवशी परत येईल. मी त्याला उभे केले आणि अंधश्रद्धेवर अर्धा तास सुनावले, संगणकावर बसलेली गिऱ्हाइकेही ऐकत होती. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे, असले काही आपल्या तोंडून जाणार नाही. शिवाय बाईही आपल्यातल्याच निघाल्या, त्यांनी ते मानलेच नसते.

असो. बाकी सर्व ठीक. वहिनींना जय भीम सांग.

तुझा,
भाऊसाहेब

ता. क. राहात्याहून शिर्डी किती लांब, हे मी तुला सांगायला नको. पुष्पावतीबाईंचा पत्ता मागे लिहिला आहे. तू सहज गेल्यासारखा जा, पाणी माग, आणि बोलता बोलता साडीवरून त्यांचे मन उडेल असे काहीतरी बोल. आजकाल लग्नात जुनी साडी कुणी नेसत नाही म्हणावे, मुलाकडचे नावे ठेवतात म्हणावे. शकुन-अपशकुनाचे तू काही बोलावेस असे मी म्हणत नाही. तू काय बोललास ते मला कळवूही नकोस.

ता. क. दोन. (दि. १० एप्रिल.) वरचे पत्र टेबलावर ठेवून मी डिंक शोधत होतो, तेवढ्यात भामाने ते उचलून वाचले. तिला वाचायला लग्नानंतर मीच शिकवले होते. वाचून झाल्यावर तिने पत्राची होती तशी घडी केली आणि म्हणाली, “चुकून न्हाई गेली साडी. म्याच ठिवली हुती त्यात.” मी विचारले, का? तर म्हणाली, “पोरीला न्हाई नेसायची ती. तिनं नगरात दुसरी बघून ठिवलीय, मोतिया रंगाची. मला दिवाळीतच म्हनली हुती. मंग तुमी लोकांपुढं बोलून बसला. टाळ्या पडल्याव तुमाला कोन सांगनार?” मी म्हटले, अग पण तुझ्या आईची साडी. तर म्हणे, “पेटीत ठिवून आई भेटती का? कुन्या पोरीचं लगीन तरी लागू द्या तिच्यात.” तुला वाईट नाही वाटले का, असे मी विचारले. “वाटलं की,” म्हणाली. “एक दिस वाटलं,” आणि भाकरी टाकायला गेली.

म्हणजे असे झाले, छगन, की वृषालीला ती साडी नको होती, भामाने ती आपल्या हाताने दिली, पुष्पावतीबाईंना ती मिळाली आणि सगळी माणसे सुखात होती. दोन महिने मी भामासाठी म्हणून धावत होतो आणि आज कळले की साडी घरात कुणाला हवी असेल तर ती मला एकट्यालाच. मला फार वाईट वाटले, आणि एक दिवसात ते जाईल असे दिसत नाही. तू शिर्डीला काही बोलायला जाऊ नकोस. वरची पहिली ता. क. रद्द समजावी.

ता. क. तीन. (हे भामाला न दाखवता, पाकीट चिकटवण्याआधी.) दोन मेला मात्र तू जाच. आम्हाला आमंत्रण आहे, आमच्या वतीने म्हणून जा आणि काही न बोलता समोरच्या बाजूला बस. मुलीच्या अंगावर ती साडी कशी दिसते, काठाची पाने दिसतात का, ती उभी कशी राहते, हे सगळे नीट पाहून सविस्तर पत्र लिही, सम्राटच्या पत्त्यावर. मोघम ‘छान’ लिहिलेस तर मी परत पाठवीन. तुला हे त्रासाचे वाटेल, पण माझ्या लग्नात मी भामाच्या शेजारी उभा होतो, मान खाली घालून, आणि शेजारी उभे राहिले की काही दिसत नाही.