आठव्या होलवरची आरोळी

१२ मे

दादास,

नमस्कार. मी मजेत आहे, तूही मजेत असशील, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. पाण्याचा पंप दुरुस्त झाला. हॉटेलं भरली आहेत, त्यामुळे मैदानावर सुट्टीवाल्यांची झुंबड आहे.

मैदान नव्याने बांधायचे तुझ्या कंपनीचे कागद मिळाले. मी सही करणार नाही.

'अव्वल दर्जाचं स्पर्धेचं गोल्फ मैदान' म्हणे. म्हणजे गुडघाभर गवत, माणूस गडप होईल असे वाळूचे खड्डे आणि बॉल थांबता थांबू नये असे उतार. असल्या मैदानांनी आयुष्यभर स्पर्धांत तुझं नाक कापलं, तरी तरफदारी त्यांचीच. आणि बाबांचं मैदान 'पोरखेळ'! अरे, लोक वर्षभर साहेबाची बोलणी खाऊन चार दिवस इथे येतात. इथेही त्यांनी मान खाली घालूनच परत जायचं का?

म्हणून तर बाबांनी आठव्या होलचं ग्रीन, ती भोवतीची कापलेली हिरवळ, वाटीसारखं केलं. होल वाटीच्या तळाशी. बॉल कडेला पडला तरी गडगडत आत जातो, आणि मग जी आरोळी उठते ती बाबा घरात बसून ऐकतात. तुझी पहिली आरोळी तिथलीच. तेव्हा नव्हता वाटला पोरखेळ.

शनिवारी पहाटे तू कंपनीच्या माणसांना घेऊन आलास. मैदान किती अवघड करता येतं ते दाखवायला तळातला होल बुजवलास, वरच्या उतारावर नवा कापलास आणि तसाच सोडून गेलास. घर समोर होतं. चहालाही आला नाहीस. माळ्याने पाहिलं, पण मालकाचा मुलगा म्हणून गप्प बसला.

मी दिवसभर काउंटरवर, मला पत्ता नाही. एक बाई लेकीचा बॉल पिशवीत टाकत मला म्हणाली, "आम्हाला नाही हो जमत हे." मला वाटलं, ऊन लागलं असेल.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "आज आठव्यावर कुणी ओरडलं नाही गं?"

"वारा उलटा आहे, बाबा."

त्यांना पटलं नाही. काठी घेऊन स्वतः बघायला गेले.

एवढं पाल्हाळ लावलं कारण पुढचं लिहायला हात धजत नव्हता. तुझ्या त्या उतारावर बाबा पडले. मांडीचं हाड मोडलंय. हे वाचशील तोवर ऑपरेशन झालेलं असेल.

आम्ही धावलो. हे माळ्याचेच उद्योग समजून मी त्याला फैलावर घेतलं, तर बाबा पडल्या जागेवरूनच म्हणाले, "त्याला कशाला बोलतेस? होलचा काठ बघ. डावीकडे अंगठा दाबलाय. थोरल्याचा हात आहे हा." आणि एवढ्या कळा येत असताना माणसाचा चेहरा उजळला. "आलाय का तो? कुठाय?"

"येतोय," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

होल तसाच आहे. मी बुजवायला निघाले होते, तर म्हणाले, "राहू दे. त्याने वर नेलाय, तोच खाली आणेल." माझ्यावर असतं तर तुला फाटकातूनच परत धाडलं असतं.

होल कापायचं हत्यार नेहमीच्या जागी, दारामागे आहे. आधी आठव्यावर जा, मग दवाखान्यात. कागद आणू नकोस. माझ्याशी बोललं नाहीस तरी चालेल, तेच बरं.

तुझ्यासाठी बापाशी खोटं बोललेली,
धाकटी